ब्लर केल्यावर फुलाभोवती रंगीत कडा येते? गिंप या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमधला उपाय

नागपूरच्या महाराजबागेत काढलेल्या लाल जास्वंदीच्या फोटोत मागची पानं ब्लर केली की पाकळ्यांभोवती लालसर धूर दिसायचा. फेदर (निवडीच्या कडेचा मऊपणा) वाढवला, ब्लर कमी केला, कडा इरेजरनं पुसली. काही उपयोग नाही. पार वैताग आला होता.

गॉशियन ब्लर शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतो. खालच्या लेयरवर (फोटोच्या थरावर) फूल असतंच, त्याचा लाल रंग हिरव्यात उतरतो. म्हणून ब्लरच्या आधी तिथून फूलच घालवायचं.

लेयर डुप्लिकेट करा. वरच्या लेयरवर फ्री सिलेक्टनं फूल देठासकट निवडून एंटर दाबा. सिलेक्ट मेनूतून फेदर 2 पिक्सेल, मग अ‍ॅड लेयर मास्कमध्ये ‘सिलेक्शन’, म्हणजे वरच्या लेयरवर फक्त फूल दिसेल. निवड न सोडता ती सिलेक्ट मेनूतल्या ग्रोनं 15 पिक्सेल वाढवा. आता लेयरच्या यादीत वरच्या लेयरसमोरचं डोळ्याचं चिन्ह बंद करून तो लपवा, खालचा लेयर निवडा आणि क्लोन टूलनं बाजूची पानं उचलून फूल पूर्ण झाका. ओबडधोबड चालतं, पुढे ब्लर होणारच आहे. सिलेक्ट नन, मग गॉशियन ब्लर. माझ्या 4000 पिक्सेल रुंद फोटोला 30 पुरला. डोळा परत चालू करा.

जास्वंदीचा पुढे आलेला केसरदांडा निवडताना झूम 200 टक्के ठेवा. त्याच्या टोकाचे पिवळे ठिपके सुटले, तर फूल कापून चिकटवल्यासारखं दिसतं.