'झालं बाई!' म्हणणाऱ्या मुलाला पुढे काय द्यायचं?

निम्मा वर्ग अजून तिसऱ्या गणितावर असतो आणि एक मूल वही मिटून बसलेलं असतं. अशा वेळी आपल्या तोंडून हमखास निघतं, 'मग पुढची दहा कर.' हुशार मुलांना नव्याने शिकवायला घेतलं असेल, तर आधी हे वाक्य बंद करा. बाकीचं मागाहून शिकता येतं.

मुलं हिशेबाला पक्की असतात. लवकर संपवलं की काम वाढतं, हे थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात येतं. मग पेन्सिलीला वारंवार टोक काढणं, वही झाकून ठेवणं, मुद्दाम रेंगाळणं सुरू होतं आणि आपण शेरा लिहितो, 'क्षमता आहे, पण आळशी.' तो आळस आपणच शिकवलेला असतो.

हाच सापळा चांगले कपडे घालूनही येतो. 'तुझं झालंय ना, मग शेजारच्याला शिकव' हा त्याचा एक प्रकार. कधीमधी ठीक, पण रोज केलं तर त्या मुलाच्या स्वतःच्या शिकण्याचा तास बुडतो. दुसरा प्रकार म्हणजे पुढच्या इयत्तेचं पुस्तक हातात देणं. वेगाने पुढे जाणं वाईट नाही, पण पुढच्या वर्षी तेच धडे त्याला पुन्हा बसून ऐकावे लागणार असतील, तर आज आपण कंटाळा फक्त वर्षभर पुढे ढकलला. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा: 'काम संपलं की कोडं मिळेल.' यात कोडं मिळतं ते भरभर लिहिणाऱ्याला. सावकाश आणि खोल विचार करणाऱ्याच्या वाट्याला ते कधीच येत नाही. स्पर्धा परीक्षांच्या सराव पुस्तकांबद्दल तर माझं मत वाईटच आहे. त्यात असतो तोच सराव, फक्त आकडे मोठे.

वेगळं काम नेहमीच्या कामाऐवजी द्यायचं असतं, त्यात भर म्हणून नाही. त्यासाठी त्या मुलाला घटकातलं काय आधीच येतं, याचा पुरावा हवा. सोपी पद्धत अशी. घटक सुरू करताना स्वाध्यायातली सर्वांत अवघड पाच गणितं फळ्यावर लिहा. ज्याला वाटेल त्याने आधी ती सोडवावीत, वेळ १५ मिनिटं. पाचपैकी चार बरोबर आली आणि रीत वाचता आली, तर उरलेला स्वाध्याय माफ. घटकाचे पूर्ण गुण तिथेच नोंदवा. गुण नोंदवले नाहीत, तर मूल आणि पालक दोघेही त्या माफीवर विश्वास ठेवत नाहीत.

पाच गणितं निवडताना घाई नको. हातच्याची वजाबाकी असेल, तर ४०३ − १७८ सारखं, मध्ये शून्य असलेलं गणित हवंच, कारण खरी गळती तिथेच असते. तेवढंच चुकलं, तर मुलाने फक्त त्या दिवशीच्या तासाला वर्गाबरोबर बसावं. टाचणवहीत तीन रकाने पुरतात: काय येतं, कशावरून, त्याऐवजी काय.

तिसरा रकाना सगळ्यांना छळतो. सुरुवातीला एकच चांगला प्रश्न पुरतो. तिसरी-चौथीसाठी हा घ्या: १ ते ३० मधल्या कोणत्या संख्या लागोपाठच्या दोन किंवा अधिक संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येतात? सुरुवात १ पासून, शून्य नाही. ९ म्हणजे ४ + ५, आणि २ + ३ + ४ सुद्धा. १५ तीन प्रकारांनी येते. मूल लवकरच म्हणेल, 'सम संख्या जमत नाहीत.' त्याला ६ पुन्हा बघायला सांगा: १ + २ + ३. शेवटी १, २, ४, ८, १६ उरतात. खरा प्रश्न इथून पुढे आहे: यापुढे न जमणारी संख्या कोणती आणि का?

उत्तर तुम्हाला माहीत हवं, पण सांगायचं नाही. विषम संख्येइतके आकडे घेतले, तर बेरीज म्हणजे मधला आकडा गुणिले आकड्यांची संख्या. सम संख्येइतके घेतले, तर मधल्या जोडीची बेरीज विषम येते आणि तिला जोड्यांच्या संख्येने गुणायचं. दोन्हीकडे १ पेक्षा मोठा विषम अवयव येतोच. २, ४, ८, १६ ला तो नाही. नऊ वर्षांचं मूल हे स्वतःच्या शब्दांत गाठू शकतं, पण त्याला चार-पाच तास लागले तरी लागू द्या.

भाषेच्या तासाला: धड्यातला प्रसंग त्यातल्या गप्प पात्राच्या तोंडून, दहा वाक्यांत, एकदाही 'आहे' न वापरता.

'हुशार मुलं काय, आपापली शिकतात' असं सांगणारे अनुभवी सहकारी भेटतील. त्यांचा वर्गातला दरारा जरूर शिका, हा सल्ला सोडून द्या. कोपऱ्यात कागद देऊन बसवलेलं मूल आठवड्याभरात प्रश्न टाकून देतं. तास संपण्याआधीची पाच मिनिटं त्याच्याजवळ जा आणि विचारा, 'कुठे अडलास?' उत्तर आलं का, हे विचारू नका.

आणि रडणं येईल. आजवर सगळं पहिल्या फटक्यात आलेल्या मुलाला अडकणं म्हणजे नापास होणं वाटतं. घाबरू नका, यात तुमचं काही चुकलेलं नाही. स्वाध्यायाऐवजी दिलेल्या या कामाला गुण देऊ नका, चुकलेले कागद फेकू देऊ नका. विचार पुढे आणि हात मागे असेल, तर उत्तर तोंडी घ्या.

निवड करताना सुवाच्य अक्षर आणि शांत स्वभाव यांना भुलू नका. हुशार मुलांच्या शिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक जोसेफ रेंझुली यांनी १९७८ मध्ये तीन गोष्टी एकत्र बघायला सांगितल्या: सरासरीहून वरची क्षमता, कामाला चिकटून राहणं आणि सर्जनशीलता. म्हणूनच ती पाच गणितं दर घटकाला सगळ्या वर्गासाठी खुली ठेवा. भागाकारात मागे असलेलं मूल भूमितीत पाचही सोडवू शकतं, आणि मागच्या वेळी सुटलेलं मूल या वेळी स्वाध्यायाला बसू शकतं. पहिल्या सत्रात एकच विषय धरा.