‘ॲक्ट युअर एज’: इराणी-अफगाण विद्यार्थ्यांना शिकवताना या चुका टाळा

पुण्यात इराणी आणि अफगाण मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. ‘ॲक्ट युअर एज’चा अर्थ या मुलांना चटकन कळतो: वयाला शोभेल असं वाग, पोरकटपणा पुरे. फारसीत ‘बच्चे नशो’ आहेच. पण हे कुणी कुणाला म्हणायचं, ते सांगायचंच राहून जातं. दिवसाला पन्नास वाक्प्रचार पाठ करणाऱ्यांना तर ते ऐकायला सवडही नसते.

सगळ्यात महागात पडतं ते मोठ्यांना असं म्हणणं. माझी इस्फहानची एक विद्यार्थिनी एका निवृत्त गृहस्थांकडे पेइंग गेस्ट होती. सत्तरीचे काका नातवंडांबरोबर कॅरमला बसले होते आणि राणी कव्हर झाली नाही म्हणून आरडाओरडा करत होते. हिला त्यांचं फार कौतुक वाटलं. हसत म्हणाली, “अंकल, ॲक्ट युअर एज!” काकांनी स्ट्रायकर खाली ठेवला आणि उठून आत गेले. अबोला इतका लांबला की शेवटी मला जाऊन सांगावं लागलं, “काका, तिला तुमचं कौतुकच करायचं होतं हो.” तिच्या मनात होतं ‘देलेतून जवूने’, म्हणजे तुमचं मन तरुण आहे. त्यासाठी इंग्रजीत सरळ ‘यू आर यंग ॲट हार्ट’ आहे. तेवढंच तिला कुणी शिकवलं नव्हतं.

फारसीत आपल्या तू-तुम्हीसारखे ‘तो’ आणि ‘शोमा’ आहेत. ‘शोमा’ आलं की जीभ आपोआप जपून चालते. इंग्रजीत एकच ‘यू’, त्यामुळे तो धाक उरत नाही. म्हणून मी आधी विचारते, या माणसाला तू काय म्हणतोस, ‘तो’ की ‘शोमा’? ‘शोमा’ असेल तर हा वाक्प्रचार तोंडातून काढायचा नाही. भावंडं, जिवलग मित्र, घरातली पोरं, बस्स. पोरांनाही तारतम्यानं. चार वर्षांचं मूल रडतं ते वयाप्रमाणेच वागत असतं. दहा वर्षांचा घोडा जमिनीवर लोळण घेतो, त्याला म्हणावं.

‘ॲक्ट युअर एज, नॉट युअर शू साइज’ हा विनोद शिकवत असाल तर जोड्यांचे नंबर आधी समजावा. ब्रिटिश मापात पुरुषाचा पाय आठ-नऊ नंबरचा, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या पोरासारखं वागू नकोस. इराणात मात्र युरोपीय माप चालतं. वीस वर्षांच्या मुलाचा नंबर असतो ४२, मग त्याला वाटतं, चाळिशीतल्या माणसासारखं वागू नकोस म्हणताहेत! आपल्या दुकानांत ब्रिटिश नंबर सर्रास, म्हणून शिकवणाऱ्याच्या हे ध्यानातही येत नाही. मी फळ्यावर ‘८ म्हणजे ४२’ लिहिते आणि मगच विनोद सांगते.

‘ॲक्ट विथ युअर एज’ चूक. फारसीतला ‘बा’ (म्हणजे ‘विथ’) मध्ये घुसतो, तो काढून टाका.

तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना ‘ही शुड ॲक्ट हिज एज’. इथे ‘हिज’ऐवजी ‘युअर’ हमखास तसंच ठेवलं जातं.

‘लुक युअर एज’ दिसण्याबद्दल आहे, वागण्याबद्दल नाही.

बरोबरीच्या सहकाऱ्याला सुनावायचंच असेल तर मी ‘लेट्स बी मॅच्युअर अबाउट धिस’ शिकवते. त्यात बोलणारा स्वतःलाही धरतो, त्यामुळे समोरच्याला ते कमी झोंबतं. वरिष्ठांना मात्र तेही नको.