प्रक्रिया केलेल्या पाण्याचं बिल वाढलं? आधी हे बघा

कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीचा हिशेब माझ्याकडे असतो. प्रक्रिया केलेल्या पाण्याचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करून बागेला आणि फ्लशला दिलेल्या पाण्याचा, दर वाढला की सभेत पहिला सूर ठरलेला: "मग बागेलाही मोरबे धरणाचंच पाणी सोडा!" पिण्याचं पाणी लॉनवर ओतायचं? माझा साफ विरोध.

आधी बिल उलगडा. आताच्या रीडिंगमधून मागचं वजा करा, ते झाले युनिट. १ युनिट म्हणजे १,००० लिटर. समजा, दर १८चा २२ रुपये झाला आणि वापर ३०० युनिट, तर वाढ १,२०० रुपयांची. बिल त्याहून फुगलं असेल तर दराला बोल लावू नका. दर मधल्याच तारखेला बदलला तर त्या दिवसाचं रीडिंग लागतं. म्हणून वॉचमनला दर सोमवारी मीटरचा फोटो काढायला सांगा. (आमचे वॉचमन फोटोत स्वतःचा अंगठाही हमखास देतात.)

मग गळती. रात्री खालची टाकी भरून बॉलकॉक (टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगता व्हॉल्व्ह) बंद झाल्यावरही मीटर फिरतोय? बॉलकॉक तरी गळतोय किंवा मीटर ते टाकीमधला पाईप. घराघरांत फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाका. फ्लश न करता तो भांड्यात उतरला, तर वॉशर बदला.

बागेला पाणी सकाळी लवकर, झाडाच्या बुडाशी. प्रक्रिया केलेल्या पाण्याची लाईन पिण्याच्या लाईनला कधीही जोडू देऊ नका, प्लंबर "तात्पुरतं" म्हणाला तरी.

हिशेब तरीही जुळला नाही, तर फोटो जोडून मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्याच.