हंगामी धंदा आणि ॲडव्हान्स टॅक्स: या चुका टाळा

आपल्याकडे खेड्यातल्या धंद्याची कमाई दिवाळीच्या आगेमागे येते. सोयाबीन निघालं की हार्वेस्टर-थ्रेशरवाल्यांचा हंगाम, कापूस आला की आडत्यांचा. ॲडव्हान्स टॅक्सचा, म्हणजे वर्ष संपायच्या आधीच हप्त्यांनी भरायच्या आयकराचा, पहिला हप्ता मात्र १५ जूनला, ऐन पेरणीच्या तोंडावर. मग कोणी तो सोडूनच देतो, तर कोणी गरज नसताना घाबरून भरतो.

टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून भरलेला कर) वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपयांच्या आत असेल तर ॲडव्हान्स टॅक्स लागतच नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर करही शून्य (शेअरच्या नफ्यासारखं वेगळ्या दराचं उत्पन्न सोडून). म्हणजे एका हार्वेस्टरच्या मालकाला बहुतेक वेळा भरायचं काहीच नसतं.

सगळ्यात महाग चूक म्हणजे आपण कोणत्या गटात आहोत हे न पाहणं. सीए ज्याला अजून 'फॉर्टीफोर एडी' म्हणतात त्या अनुमानित योजनेत उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरता येतो. खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा. डॉक्टर, वकील, इंजिनियर यांच्यासाठी अशीच वेगळी योजना आहे, तिच्यात वर्षाच्या जमेचा निम्मा भाग नफा धरतात. या दोन्ही योजनांत चार हप्ते नाहीत, १५ मार्चपर्यंत पूर्ण कर एकदाच.

आडत्या आणि विमा एजंट यांचं उत्पन्न कमिशनचं, त्यामुळे त्यांना ही सवलत नाही. त्यांना १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत १०० टक्के भरावे लागतात. जूनमध्ये भाव काय निघेल हे कोणाला ठाऊक? गेल्या वर्षीचा आकडा धरा. जूनला १२ आणि सप्टेंबरला ३६ टक्के भरले असतील तरी त्या हप्त्यांवर व्याज लागत नाही, एवढी मोकळीक कायद्यातच आहे. चुकारे सुरू झाले की डिसेंबरला अंदाज सुधारा.

न भरल्यास किती बसतं? तालुक्याच्या डॉक्टरची वर्षाची जमा ४० लाख, उत्पन्न २० लाख धरलं. नव्या प्रणालीत कर २ लाख, सेससह २,०८,०००. मार्चमध्ये काहीच न भरता जुलैत विवरणपत्रासोबत भरला, तर हप्ता चुकल्याचे २,०८० आणि एप्रिल ते जुलैचे महिना १ टक्क्याने ८,३२० रुपये, एकूण १०,४०० रुपये व्याज.

ग्रामपंचायतीची कामं घेणाऱ्या ठेकेदाराची गोष्ट वेगळी. बिलं निघतात मार्च एंडिंगला, १५ तारखेनंतर. अशा वेळी ३१ मार्चच्या आत भरलेली रक्कमही ॲडव्हान्स टॅक्सच धरली जाते, म्हणून एप्रिलची वाट पाहू नका. आणि कापलेला टीडीएस २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या नावावरच्या कराच्या नोंदीत, दिसतो का ते आधी पाहा. न दिसणारी रक्कम वजा करून हिशेब केला तर पुढे अडकाल.

'आपण शेतकरी, आपल्याला कसला टॅक्स' हेही अर्धंच खरं. स्वतःच्या शेतातला कापूस करमुक्त आहे. दूधधंदा, कोंबड्या, दुसऱ्याच्या वावरात भाड्याने चालवलेला ट्रॅक्टर हा धंदाच. शिवाय शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर आणि बाकीचं उत्पन्न मूळ सूट-मर्यादेच्या वर असेल, तर बाकीच्या उत्पन्नावरचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्नही हिशेबात येतं.

चलन भरताना १०० नंबर ॲडव्हान्स टॅक्सचा, ३०० सेल्फ असेसमेंटचा, म्हणजे वर्ष संपल्यावर विवरणपत्रासाठी भरायच्या उरलेल्या कराचा. घाईत चुकीचा निवडला जातो, आणि पैसे भरूनही व्याजाची नोटीस येते.