उसाच्या तळावरच्या कामाला पैसा कुठून आणायचा? सोलापुरात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

समाजकार्याचं शिक्षण संपवून छोट्या संस्थेत रुजू झालेली मुलं-मुली पहिल्याच महिन्यात विचारतात, "ताई, निर्वासितांना सामावून घेणाऱ्या गटांसाठी एवढे फंड दिसतात, त्यातलं आपल्याला काहीच का मिळत नाही?" ते बहुतेक फंड परदेशातले, तिथल्याच गटांसाठी काढलेले असतात. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. आपलं काम आहे ते बीडकडून ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांसोबत, त्यांच्या तळावर (मुक्कामाच्या वस्तीत), आणि कर्नाटकातून बांधकामावर येणाऱ्या कुटुंबांसोबत. चार-पाच महिने का होईना, ती माणसं या जिल्ह्याची असतात. त्यांच्यासाठीचा पैसाही इथेच शोधावा लागतो, आणि तो मिळतो.

परदेशी पैशाचं एवढंच सांगते. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीसाठी साधारणपणे तीन वर्षांचं काम आणि त्या काळात पंधरा लाखांचा खर्च दाखवावा लागतो. २०२०च्या दुरुस्तीनंतर ज्यांच्याकडे ही नोंदणी आहे तेही तो पैसा दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या आपल्या नात्यातल्या माणसाची देणगीसुद्धा परदेशी ठरते. सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका.

आधी कागद. धर्मादाय कार्यालयातली नोंदणी, संस्थेचं पॅन, १२ए (संस्थेला आयकरात सूट), ८०जी (देणगीदाराला करसवलत) आणि कंपन्यांचा पैसा हवा असेल तर सीएसआर-१ ही नोंदणी. यातला सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे फेरफार अहवाल. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत तो दाखल करायचा असतो. अनेक जुन्या, चांगल्या संस्थांच्या परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीवर, हयात नसलेल्या माणसांची नावं अजून आहेत. देणगीदार आधी तो उतारा मागतो, आणि बोलणं तिथेच अडतं. संस्थेत गेल्यावर पहिल्या आठवड्यात तो उतारा बघा.

आता सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने सामाजिक कामावर करायचा खर्च. नक्त मालमत्ता पाचशे कोटी, उलाढाल हजार कोटी किंवा निव्वळ नफा पाच कोटी, यातली एक मर्यादा ओलांडणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्च करावी लागते. आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायदा सांगतो. म्हणून मुंबईच्या पत्त्यावर अर्ज पाठवण्याआधी चिंचोळी आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कोण आहे ते पाहा. फताटेवाडीच्या वीज प्रकल्पासारखे मोठे उद्योगही याच जिल्ह्यात आहेत. मात्र बाहेरच्या संस्थेला काम देताना तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. काल नोंदलेल्या गटाने जुन्या संस्थेचा प्रकल्प म्हणून काम करावं. त्यात कमीपणा नाही.

'स्थलांतरित' असं वेगळं शीर्षक कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात नाही. शिक्षण आहे, आरोग्य आहे, पिण्याचं पाणी आहे, मागास घटकांमधली विषमता कमी करणं आहे. आपलं काम त्यातल्या एका शीर्षकाखाली मांडा. सोलापूरची एक ताकद अर्जात आवर्जून लिहा. तेलंगणातून आलेल्या विणकरांनी हे शहर घडवलंय, आणि इथे मराठीसोबत तेलुगू, कन्नड, उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत. कलबुर्गीहून आलेलं मूल इथे कन्नडमध्ये शिकू शकतं. ही सोय फार थोड्या शहरांत आहे.

खरी ओढाताण होते ती मानधनावर. दप्तरं, चादरी, वह्या द्यायला सगळे तयार असतात. पण तळावर जाऊन बघा. आई-बाप पहाटे अंधारात उसाच्या फडावर जातात, नऊ वर्षांची मुलगी कोपीत (झोपडीत) धाकट्या भावाला सांभाळत बसते. तिला दप्तर दिलं तरी ती शाळेत जाणार कशी? त्या भावाला सांभाळायला एक बाई लागते. शाळेत सोबत जाऊन मुख्याध्यापकांना सांगणारं माणूस लागतं, की दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि वयानुरूप वर्गात बसवायचं आहे. २००९चा शिक्षण हक्क कायदा तसं स्पष्ट सांगतो. रेशन दुकानात दुसऱ्या जिल्ह्याचं कार्ड चालतं हे दुकानदाराला पटवावं लागतं. ही सगळी माणसांच्या वेळेची कामं आहेत. माझ्या मते सामावून घेणं म्हणतात ते हेच.

एका कंपनीने आमच्या अर्जातलं मानधन सरळ खोडलं होतं. "हा ॲडमिन खर्च झाला, पाच टक्क्यांवर देता येत नाही," असं कारण दिलं. ही समजूत सर्रास आढळते आणि ती चूक आहे. पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनाच्या खर्चाला आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा, त्यावर देखरेख ठेवण्याचा खर्च त्यात धरत नाहीत. २०२१च्या सुधारित नियमांतल्या व्याख्येतच तसं म्हटलंय. त्या नियमाची प्रत अर्जाला जोडा. आणि अंदाजपत्रकात 'कर्मचारी खर्च' असं मोघम लिहू नका. समजा पाळणाघर सांभाळणाऱ्या दोघींना प्रत्येकी महिना ८,००० रुपये द्यायचे आहेत, तर लिहा: तळावरचं पाळणाघर, दोन सेविका, पाच महिने, ८०,००० रुपये. काम आणि माणूस एकाच ओळीत दिसलं की कात्री लावणं अवघड होतं. या ओळीसाठी भांडा. बाकी सगळ्यात तडजोड चालेल.

वेळ चुकवू नका. मोळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडते, म्हणजे कारखान्यांचं गाळप सुरू होतं, पण कंपन्यांचं वर्षाचं नियोजन त्याच्या खूप आधी होतं. एप्रिल ते जूनमध्ये प्रस्ताव हातात द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये उरलेला निधी संपवायला फोन येतात, पण त्या पैशातून बहुधा वस्तूच मिळतात.

रोटरी, लायन्स, देवस्थानं, सहकारी बँका आणि पतसंस्था, जयंती आणि गणेशोत्सवाची मंडळं यांच्याकडून रक्कम लहान येते, पण लवकर येते. मंडळाच्या कार्यकर्त्यांना पैसे मागण्याआधी एकदा तळावर न्या. दोन हजारांवरची देणगी रोखीने घेऊ नका, तिला ८०जीची सवलत मिळत नाही. देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे भरायचं असतं. तारीख चुकली तर दंड लागतो आणि देणगीदार पुन्हा दारात उभं करत नाही.

अहवालाचं काम शेवटी ठेवू नका. देणगीदार उपयोगिता प्रमाणपत्र मागतो मार्चअखेरीस, आणि तोवर अनेक कारखान्यांचा पट्टा पडलेला (गाळप संपलेलं) असतो, तळ रिकामा. हजेरी, सेविकांच्या मानधनाच्या सह्या, शाळेचं पत्र हे दर महिन्याला गोळा करून फाइलला लावा. मुलांचे फोटो पालकांना विचारूनच काढा. फेब्रुवारीच्या मध्यापासून टोळी आणणाऱ्या मुकादमाला विचारत राहा, टोळी कधी निघणार. निघण्याआधी प्रत्येक मुलाचं शिक्षण हमी कार्ड (पुढच्या शाळेत दाखवायचं कार्ड) शाळेकडून भरून आईच्या हातात द्या, आणि गावाकडच्या शाळेचं नाव आपल्या वहीत लिहून घ्या. एप्रिलमध्ये त्या शाळेत फोन करून मूल पोचलं का ते विचारायचं असतं. या फोनचा खर्चही अंदाजपत्रकात धरा.