जुना खून खटला कसा वाचावा: मामट्रॅस्नाच्या कागदांवरून

आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात ज्या कॅथीड्रलवरून मी रोज कामाला जाते, तिथे पूर्वी तुरुंग होता. १५ डिसेंबर १८८२ रोजी सकाळी तिथे मामट्रॅस्ना इथल्या एका कुटुंबाच्या खुनासाठी तिघांना फाशी दिली. त्यांपैकी मायल्स जॉइस, आयरिशमध्ये मेलरा शोइगे, शेवटच्या क्षणापर्यंत आपण निर्दोष आहोत असं सांगत होता, तेही जल्लादाला न कळणाऱ्या भाषेत. आयर्लंडचे जुने खून खटले वाचायची इच्छा असणाऱ्यांना मी नेहमी याच खटल्यापासून सुरुवात करायला सांगते. कागद भरपूर आहेत, आणि वाचताना होणाऱ्या बहुतेक चुका इथे एकाच ठिकाणी शिकायला मिळतात.

माझे बाबा विदर्भातल्या एका न्यायालयात लघुलेखक होते. साक्षीदार कोलामीत पाच मिनिटं बोलायचा, दुभाषी दोन वाक्यं सांगायचा आणि बाबांच्या कागदावर एक ओळ उतरायची. घरी आल्यावर ते बराच वेळ गप्प बसायचे. "साक्ष वाचताना आधी हे बघ, की शब्द कुणाचे आहेत," हे त्यांचं वाक्य. मी खटला वाचते ती पद्धत तिथूनच आली.

पहिल्या पानावर मेलेल्यांची नावं लिहा. आरोपींची नंतर. १७ ऑगस्ट १८८२ च्या रात्री गॉलवे आणि मेयो या काउंटींच्या सीमेवरच्या मामट्रॅस्ना या डोंगराळ वस्तीत काही माणसं एका झोपडीत शिरली. जॉन जॉइस, त्याची बायको ब्रिजेट, म्हातारी आई मार्गारेट आणि मुलगी पेगी जागीच गेले. मुलगा मायकल जखमांनी नंतर वारला. धाकटा पॅट्सी वाचला. थोरला मार्टिन त्या रात्री घरी नव्हता. ही सात नावं वहीच्या माथ्यावर राहू द्या. खटला पुढे राजकारणात इतका ओढला जातो, की झोपडीतली माणसं विसरायला होतात.

लगेच दुसऱ्या पानावर नावांचा तक्ता करा. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण टाळू नका. या भागाला जॉइस कंट्रीच म्हणतात. मारले गेलेले जॉइस, फाशी गेलेल्यांपैकी दोघे जॉइस, मुख्य साक्षीदारही जॉइस. बाकीच्यांत केसी मंडळी. पॅट्रिक हे नाव तर दोन्हीकडे. एकाच आडनावाचं अख्खं गाव आपण पाहिलेलं असतं, तिथे माणूस बापाच्या किंवा आजाच्या नावाने ओळखला जातो. तिथलीही रीत तीच. म्हणून रकाने असे पाडा: नाव, बापाचं नाव, वस्ती, मयताशी नातं, खटल्यातली बाजू. सहावा रकाना ठेवा भाषेचा. आयरिश, इंग्रजी, की दोन्ही. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे कुटुंबवार कागद इंटरनेटवर विनामूल्य ठेवलेत आणि त्यांत भाषेचा रकाना आहेच. ते बऱ्याच वर्षांनंतरचे आहेत, तरी त्या डोंगरात कोण काय बोलत होतं याचा अंदाज येतो.

नकाशा हाताने काढा. लॉख मास्क आणि लॉख नफूई ही दोन तळी, मधला डोंगर, वस्त्या, वाटा. संगणकावरच्या नकाशाने काम भागत नाही, कारण साक्षीतली प्रत्येक हालचाल तुम्हाला बोटाने चालवून बघायची आहे. मुख्य साक्षीदार अँथनी जॉइस, त्याचा भाऊ आणि पुतण्या यांनी सांगितलं, की त्या रात्री आम्ही माणसांच्या टोळीचा डोंगरातून माग काढला, लपून पाहिलं आणि दहाही जणांना ओळखलं. नकाशावर ती वाट आखा आणि स्वतःला विचारा: रात्री, इतक्या अंतरावरून, दहा चेहरे?

आता सर्वांत महत्त्वाचं काम. जबान्या तारखेच्या क्रमाने लावा, न्यायालयात ज्या क्रमाने आल्या त्या क्रमाने नव्हे. पहिल्या सकाळी मुलांनी शेजाऱ्यांना आणि पोलिसांना जे सांगितलं ते सगळ्यांच्या वर येतं: आत आलेल्यांच्या तोंडांना काळं फासलं होतं. अँथनी जॉइसची दहा नावं त्यानंतरची. दोन्ही कागद शेजारी ठेवले की प्रश्न आपोआप उभा राहतो. मुलांची जबानी सरकारी पक्षाकडे होती, बचाव पक्षाला ती दिली नाही. पॅट्सीला ज्यूरीसमोर उभं केलं, पण शपथेचा अर्थ त्याला कळत नाही म्हणून त्याची साक्ष घेतली नाही. १८८४ मध्ये संसद सदस्य टिमोथी हॅरिंग्टन यांनी हे कागद उजेडात आणले. मी मुलाच्या जबानीवर जाड पेन्सिलीने खूण करून ठेवते. पहिल्या काही तासांत बोललेलं पुन्हा पुन्हा वाचा. त्या वेळी कुणालाही कथा जुळवायला सवड मिळालेली नसते.

खटला कुठे चालला ते तपासा. गॉलवेत नाही, डब्लिनच्या ग्रीन स्ट्रीट न्यायालयात, नोव्हेंबर १८८२ मध्ये. त्याच वर्षी ६ मे रोजी डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये आयर्लंडमधल्या ब्रिटिश सरकारचे मुख्य सचिव लॉर्ड कॅव्हेंडिश आणि उपसचिव बर्क यांचे खून झाले होते. सरकारने नवा कडक कायदा आणला, त्यात खटला दुसरीकडे हलवता येत होता आणि खास ज्यूरी नेमता येत होती. हा संदर्भ वहीच्या डाव्या पानावर लिहा, म्हणजे सरकारला गुन्हेगार लवकर सापडायला हवे होते, हे उजव्या पानावरची प्रत्येक जबानी वाचताना डोळ्यासमोर राहतं.

दहा अटकेतल्यांपैकी अँथनी फिल्बिन आणि थॉमस केसी हे दोघे माफीचे साक्षीदार झाले. माफीचा साक्षीदार दिसला की एकच गोष्ट शोधा: त्याला बदल्यात काय मिळालं. इथे उत्तर आहे जीव. साक्षीदार जॉइस मंडळींना पुढे १,२५० पौंड देण्यात आले, डोंगरातल्या गरीब शेतकऱ्यांच्या दृष्टीने हे प्रचंड मोठं धन. पैसा दिला म्हणजे साक्ष खोटीच, असं मी म्हणत नाही. पण ते तक्त्यात नसेल तर तक्ता अपुरा आहे.

मायल्सचा खटला वाचताना घाई करू नका. ज्यूरीला निकाल द्यायला सहा मिनिटं लागली. त्याला इंग्रजी येत नव्हतं, आणि समोर चाललेलं कामकाज बहुतेक त्याच भाषेत. दुभाषी पोलीस दलातलाच शिपाई होता. दोषी ठरवल्यावर मात्र दुभाष्यामार्फत विचारलं, की तुला काही सांगायचं आहे का. त्याच्यासोबत पॅट्रिक जॉइस आणि पॅट्रिक केसी यांनाही फाशी झाली. या दोघांनी मरण्याआधी लेखी सांगितलं, की मायल्स निर्दोष आहे. लॉर्ड लेफ्टनंट, म्हणजे आयर्लंडमधले ब्रिटिश राजप्रतिनिधी, अर्ल स्पेन्सर यांनी फाशी थांबवली नाही. दोर मायल्सच्या हाताला अडकला आणि मरण लवकर आलं नाही. हे एकदाच वाचा, पुन्हा पुन्हा नको.

निकालानंतर वही मिटू नका. बाकीच्या पाच जणांनी गुन्हा कबूल केल्यामुळे त्यांची फाशी जन्मठेपेत बदलली. ऑगस्ट १८८४ मध्ये टूरमकेडीच्या चर्चमध्ये थॉमस केसीने आर्चबिशप मॅकएव्हिली यांच्यासमोर सांगितलं, की मी खोटी साक्ष दिली. त्या पाचांपैकी दोघे तुरुंगातच वारले, तिघे १९०२ मध्ये वीस वर्षांनी सुटले. ४ एप्रिल २०१८ रोजी राष्ट्राध्यक्ष मायकल डी. हिगिन्स यांनी मायल्सला मरणोत्तर माफी दिली. फाशीपासून एकशे पस्तीस वर्षं. काळरेषा आखताना कागद कमी पडेल, जोडून घ्या.

त्या डोंगरात जायचं असेल तर जा, मी दोनदा गेले आहे. पण दार ठोठावून "तुम्ही कुणाचे वंशज" असं विचारू नका. मारलेल्यांचे, मारणाऱ्यांचे आणि साक्षीदारांचे नातेवाईक अजूनही एकाच वाटेवरून चर्चला जातात. लोकांच्या आठवणी वाचायच्या असतील तर १९३७ ते १९३९ मध्ये आयरिश शाळकरी मुलांनी आजीआजोबांकडून गोळा केलेल्या गोष्टींचा संग्रह इंटरनेटवर आहे. त्यात ऐकीव किती आणि पाहिलेलं किती हे वेगळ्या शाईने लिहा. माझी शाई निळी आणि हिरवी. कागदात आहे ते निळं, मी अंदाज केला ते हिरवं.

दुसरा खटला हवा असेल तर टिपरेरीतला हॅरी ग्लीसनचा घ्या. नोव्हेंबर १९४० चा खून, १९४१ ला फाशी, २०१५ मध्ये मरणोत्तर माफी. तिथेही हाच तक्ता चालतो, फक्त भाषेच्या रकान्याऐवजी काडतुसांच्या विक्रीची नोंदवही हा रकाना घाला.

शेवटी एक सराव. निकालानंतर दुभाष्याने मायल्सचं बोलणं "तो म्हणतो" असं करून सांगितलं, आणि वर्तमानपत्रांत ते तसंच उतरलं. ते "तो" काढून "मी" लिहा, हाताने, एकेक वाक्य. म्हणजे असं: जन्मालाच न आलेल्या माणसाचा या गोष्टीशी जितका संबंध, तितकाच माझा.