‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांतील निवड
रजेच्या अर्जात हमखास आढळणारे वाक्य म्हणजे ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स टू डेज’. ‘मला दोन दिवसांपासून ताप आहे’ असे मराठीत म्हणताना वर्तमानकाळ पुरतो आणि ‘पासून’ हे कालावधीलाही चालते व आरंभालाही, म्हणून ही चूक आपल्याला खटकत नाही. प्रमाण इंग्रजीत मात्र, पूर्वी सुरू होऊन अजून चालू असलेल्या क्रियेसाठी ‘हॅव बीन’ किंवा ‘हॅज बीन’ लागते आणि वाक्य ‘आय हॅव बीन सफरिंग फ्रॉम फीव्हर फॉर टू डेज’ असे होते. ‘किती काळ?’ या प्रश्नाचे उत्तर द्यायचे असेल तर ‘फॉर’ वापरावे आणि ‘केव्हापासून?’ याचे द्यायचे असेल तर ‘सिन्स’. म्हणूनच ‘फॉर टू डेज’, पण ‘सिन्स मंडे’. जाणणे, असणे, आवडणे अशा स्थितिदर्शक क्रियापदांना ‘इंग’ लावू नये. ‘आय हॅव बीन नोइंग हिम’ हे कानाला कितीही भारदस्त वाटले, तरी ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’ हेच बरोबर आहे. नकारार्थी वाक्यांतही हीच निवड लागू पडते: ‘आय हॅवंट सीन हर सिन्स दिवाळी’.